गावभागातल्या जुन्या घराचं रिमॉडेलिंग: भिंत बंद व्हायच्या आधीचे फोटो

गावभागकर

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की घराचं काम काढतोय. घर सांगलीच्या गावभागात, तळमजला आणि वर एक मजला, ऐंशीच्या दशकातलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर नऊ इंची विटांच्या भिंती आणि भिंतींवर डायरेक्ट स्लॅब, कॉलम-बिलम भानगड नाही. २००५ चं पाणी बघितलेलं घर, २०१९ चं बघितलेलं, २०२१ चं पण. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाणी खिडकीच्या वर होतं, ती रेष अजून आहे, कितीही रंग मारा पावसाळ्यात डोकं वर काढतेच.

करायचंय काय तर स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत मोकळी करायची, सगळं वायरिंग नवीन, दोन्ही बाथरूम, फरशी, ट्रॉल्या, वर एक खोली माझ्या ऑफिसच्या कामाला. थोडक्यात मॉडर्न करायचं, पण परत पाणी आलं तर सगळं उचलून रस्त्यावर टाकायला लागू नये असलं मॉडर्न.

इथं धागा काढायचं कारण वेगळंच आहे. रिमॉडेलिंगचे फोटो आपण सगळेच बघतो, आधी कळकट मोरी आणि नंतर चकाचक बाथरूम. मधलं कुणी दाखवत नाही. पाइप कुठनं गेला, वायर कुठनं उतरली, वॉटरप्रूफिंगचे किती हात मारले, हे सगळं टाइलच्या मागं गेलं की गेलं. मी तेच टाकणार आहे, जे झाकलं जाणार ते. शेवटचे चकाचक फोटो टाकीन की नाही माहिती नाही.

वहिनी_विश्रामबाग

चांगला उपक्रम. पण भाऊ एक सांगू का, फोटो काढत बसाल आणि गवंडी तिकडं तंबाखू मळत बसेल. कामावर माणूस उभा लागतो, कॅमेरा नाही.

शेंगदाणा_चटणी

खर्च किती?? आधी ते सांगा

गावभागकर

वहिनी, उभा राहायला बाबा आहेत, ते गवंड्यापेक्षा जास्त मळतात 😄 खर्चाचा आकडा टाकत नाही, आज लिहिला तर काम संपेपर्यंत खोटा ठरतो. पण कोटेशन कसं वाचायचं ते पुढं लिहीन.

पहिला टप्पा, तोडफोडीच्या आधी. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढले, दारात उभं राहून एक, आणि प्रत्येक भिंतीचा समोरून एक. जमिनीवर खडूने फुली मारून ठेवलीय, पुढचा प्रत्येक फोटो त्याच फुलीवरनं काढायचा म्हणजे एकाखाली एक लावले की भिंत कशी बदलत गेली ते कळतं. पुराची रेष जमिनीपासून टेपने मोजून टेप लावूनच फोटो काढला. बोर्ड, नळ, गिझर, ट्रॉली सगळ्याची उंची आता त्या रेषेवरनं ठरणार आहे.

आणि भेगा. वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग आहे.

मिरजेचा_सिव्हिलवाला

थांबा थांबा, भेगेवर आधी बोलू मग बाकीचं. सांगलीत काळी माती, पाणी पिऊन फुगते उन्हाळ्यात आकसते, तिरकी भेग खिडकीच्या कोपऱ्यातनं गेली म्हणजे पाया थोडा हलतोय असा संशय घ्यायचा. पण जुनी मेलेली भेग आहे का अजून जिवंत आहे ते बघितल्याशिवाय त्यात काही भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेवर मधे एका जागी पीओपीचा किंवा काचेच्या पट्टीचा आडवा ठिपका चिकटवा. काच तुटली किंवा टोक रेघेच्या पुढं गेलं तर जिवंत. आणि स्केल धरून फोटो दर महिन्याला. याला म्हणायचं डॉक्युमेंटेशन, बाकी सगळे सेल्फी.

दुसरं, ती हॉलची भिंत. नऊ इंची आहे म्हणताय, वरच्या मजल्याची भिंत बरोब्बर त्याच्यावर बसलीय का?

गावभागकर

हो, वर बाबांच्या खोलीची भिंत तिथंच आहे.

मिरजेचा_सिव्हिलवाला

मग ती अख्खी काढायचा विचार सोडा. साडेचार इंची असती तर पडदी म्हणून काढली असती, ही स्लॅब आणि वरची भिंत दोन्ही उचलून धरलीय. रील बघून लोकं ओपन किचन मागतात, रीलमधलं घर फ्रेमचं असतं, कॉलम-बीमवर उभं, तिथं भिंत म्हणजे नुसता पडदा. तुमच्याकडं भिंतच कॉलम आहे. पाच-सहा फुटांचं ओपनिंग काढा, दोन्ही बाजूला भिंत ठेवा, वर बीम टाका, बीमच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे बीमचं वजन विटांवर पसरवणारा ठोकळा. आधी स्लॅबला दोन्ही बाजूंनी जॅक आणि टेकू, मगच पहिली वीट. आरसीसी बीम असेल तर खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत, गवंडी म्हणेल आठवड्यात काढू, काढू द्यायचे नाहीत. लोखंडी गर्डर टाकला तर ती वाट बघायला लागत नाही पण बेअरिंग नीट बसलं पाहिजे आणि पूरवाल्या घरात गर्डरला गंजरोधक प्रायमर नीट.

आणि स्ट्रक्चरला हात लावताय तर महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची सही. नुसता गिलावा, फरशी, रंग याला लागत नाही, भिंत फोडायला लागते. पूररेषेत घर येतं का ते पण बघून घ्या, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा.

शेंगदाणा_चटणी

१०० वर्षांतनं एकदा?? २००५, २०१९, २०२१ 🙄

मिरजेचा_सिव्हिलवाला

त्याचा अर्थ शंभर वर्षं थांबतो असा नसतो हो, दरवर्षी शंभरात एक शक्यता असा असतो. लागोपाठ पण येऊ शकतो. आणि आपलं पाणी नुसतं सांगलीच्या पावसावर नाही, कोयनेतनं काय सोडलं, वारणा किती फुगली, पुढं पाणी किती वेगानं सरकतंय, सगळं आलं त्यात.

साताऱ्याचा_जुनावाडा

आमच्या साताऱ्यात पुराचा प्रश्न नाही पण पाऊस आडवा येतो, शनिवार पेठेत आमचा दगड-मातीचा वाडा आहे, त्याचं काम दोन वर्षांपूर्वी केलं. गावभागकर तुमच्या फोटोच्या कल्पनेला माझा पाठिंबा. आम्ही एका बाजूचे दोन खण उतरवून परत चढवले, तुळया, खांब, कडीपाट, सगळ्यावर उतरवायच्या आधी ऑइलपेंटने नंबर टाकले आणि तोच नंबर नकाशावर. सुतार म्हणाला कशाला, माझ्या लक्षात राहतंय. मधे त्याच्या पोरीचं लग्न निघालं, दुसरा सुतार आला, नंबर होते म्हणून तुळई परत आपल्या जागी बसली.

आणखी एक, दगड-मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका कुणी. ओल आत अडकते. चुन्याच्या भिंतीला चुनाच. तुमची विटांची आणि सिमेंटची असेल तर गोष्ट वेगळी.

गावभागकर

सिव्हिलवाले दादा, तुमचं ऐकलं. इंजिनियर बघून गेले, तेही तेच म्हणाले. ओपनिंग, दोन्हीकडं भिंत, वर आरसीसी बीम. परवानगीचे कागद आर्किटेक्टने टाकले.

घरात यावर मोठं रणकंदन झालं. बायकोला अख्खी भिंत जायला हवी होती. आईला भिंत राहायला हवी होती, का तर "भिंत नसली की फोडणीचा वास देवघरात येतो." इंजिनियरने दोघींचं अर्धं-अर्धं ऐकलं असं झालं.

टेकू लावल्याचे, बेड ब्लॉकचे, बीमची सळई बांधून झाल्याचे फोटो टाकलेत. सळईच्या फोटोत टेप आहे, रिंगांमधलं अंतर दिसतं, खाली कव्हरचे ठोकळे दिसतात. सेंट्रिंगवाला म्हणाला साहेब मुलगी बघायला आल्यासारखे फोटो काढताय.

जुना गिलावा पुराच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत पूर्ण खरवडला, वीट उघडी केली. खाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार, नुसता पिठासारखा. डबर किती निघालं विचारू नका. घंटागाडीत टाकू नका, ते घेत नाहीत आणि घेऊ पण नये, ट्रॅक्टरवाल्याशी ब्रासवर बोलून घ्या आणि तो कुठं टाकणार ते पण विचारा, ओढ्यात टाकलं की पुढच्या पावसात आपल्याच दारात पाणी.

वहिनी_विश्रामबाग

ते कोटेशनचं लिहिणार होता

गावभागकर

लिहितो. आमच्याकडं तीन प्रकारचे आकडे आले. एकाने सगळं मटेरियलसकट स्क्वेअर फुटावर दिलं, एकाने नुसती मजुरी, एकाने अर्धं अर्धं, म्हणजे सिमेंट-खडी तुमची आणि बाकी माझं. हे एकमेकांशेजारी ठेवून कळत नाही कोण स्वस्त. मी एक वही केली, कामाचं नाव, माप कशात (गिलावा ब्रासमध्ये म्हणजे १०० स्क्वेअर फूट, खडी-क्रश सँड ब्रासमध्ये म्हणजे १०० घनफूट, पाइप आणि स्कर्टिंग रनिंग फुटात, बोर्ड पॉइंटवर), मटेरियल कुणाचं, आणि माप कधी घ्यायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. गिलाव्यात दार-खिडकीचं माप वजा करणार का नाही? वायरिंगमध्ये एक पॉइंट म्हणजे काय, बोर्डातलं प्रत्येक स्विच का अख्खा बोर्ड? हे आधी लिहून घ्या, वाद मिटतात असं नाही पण निदान कशावर वाद चाललाय ते तरी कळतं.

कुपवाड_वायरमन

दादा वायरिंगला हात घालायच्या आधी मला विचारा. मी एमआयडीसीत काम करतो, घरगुती पण करतो. पुराच्या घराचं वायरिंग वेगळं असतं.

एक, डीबी म्हणजे सगळ्या एमसीबींचा मेन बोर्ड वरच्या मजल्यावर. खालचं सगळं वेगळ्या सर्किटवर आणि त्याला वरनंच बंद करायचा वेगळा आयसोलेटर. पाणी चढायला लागलं की खालचं बंद, वर पंखा लाइट चालू. दोन, वायर खालनं स्कर्टिंगमधनं फिरवायची नाही, स्लॅबच्या खालनं फिरवून बोर्डात वरनं खाली उतरवायची, म्हणजे पाणी आलं तरी पाइपात साठून राहत नाही, जेवढी उतरलीय तेवढीच भिजते. तीन, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडते ती, पाहिजेच पाहिजे, नुसती एमसीबी माणसाला वाचवत नाही ती वायरला वाचवते. लाइटला १.५ चौरस मिलीची वायर, प्लगला २.५, एसी-गिझरला ४ ची, यात कुणी कंजुषी सांगितली तर ऐकायचं नाही. अर्थिंगचा खड्डा नवीन. इन्व्हर्टर वर. मीटर खाली असेल तर तो आपण हलवायचा नाही, महावितरणला अर्ज.

तुमचं बोर्ड पुराच्या रेषेच्या वर नेणं मात्र जमणार नाही, खिडकीच्या वर रेष म्हणताय, तिथं बोर्ड लावून स्टुलावर चढून बटण दाबणार काय?

गावभागकर

हेच चाललंय घरात. शेवटी ठरलं की लाइटचे बोर्ड नेहमीच्या उंचीवर, पण खालचे सगळे प्लग जे जमिनीपासून फूटभर असतात ते ओट्याच्या उंचीवर आणले. थोडं पाणी आलं तर वाचतील, मोठं आलं तर सगळं बंद करून वर जायचं. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, गावभागातल्या माणसाला हे आकडे पोराच्या वाढदिवसाआधी पाठ असतात, त्यामुळं वेळ मिळतो.

आता या टप्प्याचे फोटो, या धाग्यात हेच सगळ्यात कामाचे आहेत म्हणून जरा सविस्तर. झिरी पाडून पाइप बसले, वायर ओढायच्या आधी आणि झिरी बुजवायच्या आधी, प्रत्येक भिंतीवर खडूने लिहिलं: ही पूर्व भिंत, स्वयंपाकघर, कोपऱ्यापासून पाइप इतक्या इंचावर, तयार फरशीपासून इतक्या उंचीवर. तयार फरशीपासून का, तर आत्ता जमीन उखडलेली आहे, आत्ताच्या कोब्यावरनं माप घेतलं तर फरशी बसल्यावर सगळं दोन-तीन इंच चुकतं. लेव्हल ट्यूबने सगळ्या घरात एक पाणसळ रेघ मारून घेतली, तयार फरशीपासून बरोब्बर एक मीटर वर, निळ्या दोरीने, आणि सगळी मापं त्या रेघेवरनं. मग एक टेप आडवा धरून एक उभा धरून फोटो. लांबनं एक, जवळनं एक. मग मोबाइल हातात धरून बोलत बोलत अख्ख्या खोलीचा सावकाश व्हिडिओ.

पलूसचा_पोरगा

हे भारीय. मी पुण्यात असतो, आईवडील पलूसला, तिकडं बाथरूमचं काम चाललंय आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर जे फोटो येतात त्यात गवंड्याचा अंगठा आणि अर्धी बादली दिसते. त्यांना काय सांगू?

गावभागकर

अंगठ्याचं काही करता येत नाही 😄 पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून पाठवतो, टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. बादली बाजूला सरकवा, टेप ठेवा, एवढं एकच वाक्य सांगा. रोजचे फोटो नका मागू, कंटाळतात. काहीही झाकायच्या आधी मागा. माती टाकायच्या आधी, काँक्रीट ओतायच्या आधी, गिलाव्याच्या आधी, टाइलच्या आधी.

शेंगदाणा_चटणी

आणि फोटो मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही म्हणून सांग. अंगठा आपोआप बाजूला होतो.

गावभागकर

पुढचा टप्पा, नळ आणि ड्रेनेज. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडला यूपीव्हीसी, ड्रेनेजला ११० आणि ७५ मिलीचा एसडब्ल्यूआर पाइप. सगळे जोड चिकटवून सुकल्यावर तोटीच्या जागी प्लग मारून हातपंपाने प्रेशर चढवलं आणि रात्रभर ठेवलं, काट्याचा फोटो संध्याकाळी आणि सकाळी. सकाळी काटा खाली. प्लंबर म्हणे गारव्याने पडतो. बाबा म्हणाले मग उन्हात चढव. हॉलच्या मागच्या एल्बोतनं बारीक थेंब सापडला. टाइल लागल्यावर हाच थेंब सापडायला आख्खी भिंत फोडायला लागली असती.

पूरवाल्यांसाठी खास: बाहेरच्या चेंबरमध्ये शेवटच्या पाइपला नॉन रिटर्न फ्लॅप बसवला, पाणी बाहेर जातं पण उलटं आत येत नाही. २०१९ ला आमच्याकडं नदीचं पाणी दारातनं यायच्या आधी मोरीतनं आणि संडासातनं वर आलं होतं, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. फ्लॅपमध्ये कचरा अडकला तर तो मिटत नाही, म्हणून तो उघडून साफ करता येईल असं झाकण ठेवलंय आणि मिरगाच्या आधी साफ करायचं असं आतल्या कपाटावर लिहून ठेवलंय.

वहिनी_विश्रामबाग

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कसलं केलं? आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्यांशी त्याच्यावरनं बोलणं बंद आहे.

गावभागकर

वरच्या बाथरूमला जुना ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा होता तो पूर्ण काढला, स्लॅब दिसेपर्यंत. पाइपभोवतीची भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने भरली, कोपऱ्यांना गोलाई दिली, मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला उभा दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर चढवून, शॉवरच्या बाजूला पाच फुटांपर्यंत. प्रत्येक हाताचा फोटो वेगळा, पहिला राखाडी आणि दुसरा पांढरा असं मुद्दाम वेगवेगळ्या रंगाचं घेतलं म्हणजे दुसरा हात खरंच मारला का ते फोटोत दिसतं. मग नहाणी ट्रॅप बंद करून पाणी तुंबवलं, ७२ तास, आणि खालच्या छताचा रोज फोटो त्याच फुलीवरनं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलची रेघ, उन्हाने थोडं उडतं ते धरून.

मिरजेचा_सिव्हिलवाला

दोन रंगांची आयडिया साइटवर पण वापरतो आम्ही. मस्त. गिलाव्याला घाई करू नका मात्र. तुमच्या खालच्या भिंती कितपत सुकल्यात?

गावभागकर

प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवला. वरच्या बाजूला कोरडा, जोत्याजवळ आतनं घाम. म्हणून खालच्या भिंती होळीपर्यंत उघड्याच ठेवल्या, लोणा ब्रशने झाडत राहिलो. शेजारचे येऊन विचारायचे काम बंद पडलं काय, पैसे संपले काय.

मिरजेचा_सिव्हिलवाला

बरोबर केलंत. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पहिल्या पावसाळ्यात पोपडे. आणि खाली जिप्सम प्लास्टर, पीओपीचं छत काहीही नको, पाण्यात त्याचा चिखल होतो. आतनं सिमेंट-वाळू १:६, बाहेरनं १:४, झिऱ्या बुजवल्यात तिथं आणि वीट-काँक्रीटच्या जोडावर जाळी ठोकून मगच गिलावा, नाहीतर बरोब्बर पाइपाच्या रेघेवर केसासारखी भेग येणार. आणि किमान सात दिवस पाणी मारा, उन्हाळा आहे, दिवसातनं एकदा पाइप फिरवला म्हणजे क्युरिंग नव्हे.

कुपवाड_वायरमन

आणि गिलावेवाल्याला सांगा बोर्डाच्या डब्यात कागद कोंबायला. माल आत जातो आणि मग आमचं बोट जात नाही.

साताऱ्याचा_जुनावाडा

जुनी फरशी काय होती? टाकून दिली का?

गावभागकर

हॉलमध्ये शहाबादी, देवघरात मोझॅक. शहाबादी उचलली, पॉलिश करून मागच्या अंगणात आणि जिन्याखाली बसवली. देवघरातलं मोझॅक आईने हात लावू दिला नाही, ते तसंच आहे, नुसतं घासून घेतलं, आणि खरं सांगू अख्ख्या घरात तेच सगळ्यात देखणं दिसतंय.

बाकी ठिकाणी दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड. फरशीवाल्याचा आग्रह होता सिमेंटच्या स्लरीवर बसवायचा. व्हिट्रिफाइड टाइल पाणीच पीत नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, त्यामुळं सिमेंट तिला नीट धरत नाही. टाइल अ‍ॅढेसिव्ह वापरलं, कोबा आधी लेव्हल करून. प्रत्येक टाइलला दोन मिलीचा स्पेसर, बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट. बसल्यावर नाण्याने टकटक करून बघितलं, पोकळ आवाज आला तिथं खडूने गोल, गोलाचा फोटो, ती टाइल उचलून परत. फरशीवाल्याला आवडलं नाही. हिशोब झाल्यावर मग आवडलं.

वहिनी_विश्रामबाग

किचन दाखवा. ट्रॉल्या कसल्या केल्या, पुरात प्लाय टिकतो का?

गावभागकर

टिकत नाही. ७१० मार्काचा वॉटरप्रूफ प्लाय साधं पाणी सहन करतो, पण चिखलाच्या पाण्यात आठवडाभर उभा राहिल्यावर लॅमिनेट सुटतं, बिजागऱ्या गंजतात आणि तो वास जात नाही. आधी ठरलं होतं किचनच वर न्यायचं. आई म्हणाली माझ्या गुडघ्याला कोण उचलून नेणार रोज. विषय संपला.

मग असं केलं. खालचा ओटा ग्रॅनाइटचा, खालचे उभे पार्टिशन आणि आडवे कप्पे कडप्प्याचे, त्यात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या ज्या चॅनलवरनं उचलून बाहेर काढता येतात. दारं पीव्हीसी बोर्डाची, बिजागऱ्या दाब देऊन सुटणाऱ्या, ३०४ स्टीलच्या. इशारा पातळी ओलांडली की दारं-ट्रॉल्या काढायच्या आणि वर न्यायच्या. प्रत्येक दाराच्या मागं नंबर आहे, साताऱ्याच्या दादांची आयडिया, आणि कुठला नंबर कुठं त्याचा फोटो लॅमिनेट करून वरच्या खोलीत लावलाय. वर एका कोपऱ्यात छोटा ओटा, सिंक आणि गॅसची जागा करून ठेवलीय, तेवढ्यापुरतं चालतं.

आता बघा फोटोचा उपयोग. ट्रॉलीवाला आला, भिंतीत ड्रिल मारायला उभा राहिला, मी म्हटलं थांब, मोबाइल काढला, पूर्व भिंत, कोपऱ्यापासून माप, त्याचं भोक बरोब्बर गरम पाण्याच्या पाइपावर येत होतं. दोन इंच बाजूला सरकवलं. पुढच्या प्रत्येक भोकाआधी तोच म्हणायला लागला, "साहेब तुमचा एक्सरे दाखवा."

आणि प्लंबरच्या बिलात पाइपाचे रनिंग फूट आमच्या मापापेक्षा बरेच जास्त होते. आवाज चढवायची वेळच आली नाही, टेपचे फोटो समोर ठेवून दोघांनी बसून बेरीज केली, त्यालाच एका ठिकाणी माझ्याकडनं राहिलेले फूट सापडले ते मी धरले, बाकीचे त्याने सोडले.

शेंगदाणा_चटणी

एवढे फोटो ठेवलेत कुठं? माझ्या मोबाइलमध्ये गुड मॉर्निंगमुळं जागाच नाही.

गावभागकर

फोल्डर खोलीप्रमाणे केलेत, टप्प्याप्रमाणे नाही. कारण पाच वर्षांनी मला "वायरिंग" शोधायचं नसतं, "स्वयंपाकघराची पूर्व भिंत" शोधायची असते. नाव असं: खोली, भिंत, टप्पा. उदाहरणार्थ स्वयंपाक-पूर्व-३-पाइप. एक कॉपी ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह बहिणीकडं मिरजेत, कारण तळमजल्यावरच्या कपाटात पुराचे फोटो ठेवण्यात अर्थ नाही. बिलं, वॉरंटी कार्ड, टाइलचा बॅच नंबर असलेल्या खोक्याचा फोटो, रंगाच्या डब्यावरचा शेड कोड, हे पण त्याच फोल्डरात. खोलीगणिक दोन-चार टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवल्यात, पुढं तो बॅच मिळत नाही.

पलूसचा_पोरगा

दादा, आमच्या बाथरूमला आज टाइल लावायला घेणार होते. तुमचं वाचून थांबवलं आणि पाणी तुंबवायला सांगितलं. गवंडी रागावलाय. आई पण रागावलीय कारण तिला मागच्या मोरीत जायला लागतंय.

मिरजेचा_सिव्हिलवाला

रागावू दे. ४८ तास तरी ठेव. खालच्या छताचा फोटो टाक इथं.

कुपवाड_वायरमन

गावभागकर दादा, डीबीचा फोटो राहिलाय. सर्किटवर नावं लिहिलीत का? लोकं सगळं करतात आणि एमसीबीवर नाव लिहीत नाहीत, मग रात्री लाइट गेली की एकेक खाली-वर करत बसतात.

गावभागकर

लिहिलीत, मराठीत, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. "खालचं सगळं" हा लाल पट्टीचा. रंगारी अजून जिन्यात आहे, त्याने डीबीवर कागद चिकटवलाय. कागद निघाला की रविवारी फोटो टाकतो. खिडक्यांच्या ग्रिलचं आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं वेगळं लिहीन, गच्चीवर बरंच भांडण होणार आहे, सिव्हिलवाले दादा तयारीत राहा.

मिरजेचा_सिव्हिलवाला

गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी, म्हणणार असाल तर आत्ताच सांगा.

गावभागकर

बाबा म्हणतायत.